ओळखीतली जागा

शाळेत तिला तिच्या नावानं कोणी हाक मारत नसे. मुलं तिला नकाशेबाई म्हणायची आणि हळूहळू शिक्षकखोलीतही तेच रूढ झालं. भूगोलाच्या तासाला वर्गात आली की हजेरी घ्यायच्या आधी ती फळ्याकडे वळायची आणि फळ्यावरून खडू न उचलता, एका दमात एखादा खंड काढून मोकळी व्हायची. किनारे, आखातं, भूशिरं, सगळं जागच्या जागी. मागच्या बाकांवरची मुलं पुस्तक उघडून ताडून बघायची आणि एकमेकांना म्हणायची, "बरोबर आहे की रे." एवढं कौतुक तिला दिवसभर पुरायचं.

या शाळेत ती आली तीच मुळी दुसऱ्या कोणाच्या तरी बदली. प्रमाणपत्रांची फाईल काखेत मारून ती शाळाशाळांचे उंबरठे झिजवत होती आणि इथे पोचली त्याच दिवशी भूगोलाच्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. मुख्याध्यापिकेला, म्हणजे सगळे ज्यांना मोठ्या बाई म्हणत त्यांना, फाईल उघडायलाही सवड नव्हती. त्यांनी विचारलं, "उद्यापासून येता येईल?" ही म्हणाली, "आजच थांबते की." रजेवरच्या बाई परत आल्या, तोवर इतिहासाचे सर आजारी पडले. ते बरे झाले, तर आणखी कोणी प्रशिक्षणाला गेलं. असं कोणाच्या ना कोणाच्या रिकाम्या खुर्चीत बसत तिची आठ-नऊ वर्षं निघून गेली. दर सुट्टीत तिची नेमणूक संपायची आणि शाळा उघडली की नव्यानं सुरू व्हायची. शिक्षकखोलीत तिला स्वतःचं कपाट नव्हतं. तपासायच्या वह्या ती खिडकीच्या कट्ट्यावर रचून ठेवायची, आणि वारा सुटला की तास सोडून त्या उचलायला धावायची.

घरी नवरा होता आणि सासूबाई होत्या. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायचा. बोलणं बेताचं. ती कधी वैतागली की म्हणायचा, "होशील कायम." "कधी?" "होशील." संपला विषय. सासूबाईंना मात्र शेजारणी जिन्यात अडवून विचारायच्या, सून कायम झाली का म्हणून, आणि त्या "होतेय, होतेय" असं सांगत वर यायच्या. जणू सुनेला अक्कलदाढ यायची राहिली होती.

मग भूगोलाचे थोरले सर निवृत्त झाले. त्यांची जागा पक्की, मंजूर झालेली, कोणाच्या रजेवर न टेकलेली. निरोपाचा चहा झाल्यावर सरांनी आपल्या कपाटाची किल्ली तिच्या हातात दिली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आता हे तुमचंच. वरच्या खणाचा दरवाजा जरा उचलून उघडायचा." कोणी हरकत घेतली नाही. मोठ्या बाईंनीही मान डोलावली. नंतर तिला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "जाहिरात द्यावी लागेल, मुलाखतीही घ्याव्या लागतील. नियम आहे तसा. पण तुम्ही जिवाला घोर लावून घेऊ नका."

तिनं घोर लावून घेतला नाही. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती दिवाळीच्या सुट्टीत निवांत झोपली. कट्ट्यावरच्या वह्या तिनं कपाटात हलवल्या, वरच्या खणाचा दरवाजा उचलून उघडायला शिकली आणि सासूबाईंना सांगितलं, की आता जिन्यात कोणी विचारलं तर बिनधास्त सांगा.

मुलाखतीला एक दिवस उरला असताना शिपाईमामा शिक्षकखोलीत टेबल पुसायला आले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पुसलेलंच टेबल ते पुन्हा पुसत राहिले. मग म्हणाले, "बाई, एक सांगू का? काल संस्थेच्या अध्यक्षसाहेबांची भाची शाळा बघून गेली. भूगोलाचा वर्ग कोणत्या मजल्यावर असतो, दुपारी ऊन येतं का, असं सगळं विचारत होती."

ती तशीच मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर सरळ खोटं बोलल्या असत्या. त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "तुम्ही पाठ चांगला घ्या. माझ्या हातात काय आहे?"

"तुम्ही म्हणाला होतात, घोर लावून घेऊ नका."

"म्हणाले होते," मोठ्या बाई म्हणाल्या आणि समोरचे कागद उगाच सारखे करू लागल्या.

घरी ती काही बोलली नाही. बोलली असती तर सासूबाईंना जिना चढणं जड गेलं असतं.

मुलाखतीच्या सकाळी ती लवकर शाळेत पोचली, तर आवारातल्या नळावर एक माणूस तोंड धूत होता. सदऱ्यावर पिशवीच्या पट्ट्याची सुरकुती, डोळे तांबारलेले. रात्रभर प्रवास करून आला होता हे उघड होतं. तिला बघून त्यानं घाईघाईनं रुमालानं तोंड पुसलं. "तुम्ही इथल्या बाई का? पाठ कोणत्या वर्गावर आहे?"

"आठवीच्या. माझाच वर्ग आहे."

"मग बरंच झालं. मला सांगा, मुलांना प्रमाण वगैरे शिकवून झालंय का? उंची कशापासून मोजतात ते माहीत आहे? घोकून माहीत आहे की कळलंय?"

आजवर इथे आलेल्या कोणा उमेदवारानं मुलांबद्दल काही विचारलेलं तिनं ऐकलं नव्हतं. तिनं जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. जागा कोणाची ठरली आहे हेही तिला माहीत होतं, ते मात्र ओठांपर्यंत येऊन परत गेलं. हा माणूस इतक्या लांबून आला होता. आणि खरं सांगायचं तर तिलाही अजून आशा होती. जे मोठ्यानं बोललं जात नाही ते कदाचित घडणारही नाही, असली वेडी आशा.

पाठाचा विषय सगळ्यांना एकच होता, समोच्च रेषा. नकाशावर डोंगर दाखवायच्या त्या वेटोळ्या रेषा. खिडकीशी तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीत अध्यक्ष, एका बाजूला मोठ्या बाई, दुसऱ्या बाजूला बाहेरून बोलावलेले विषयतज्ज्ञ, ज्यांचं अर्धं लक्ष दाराकडे, चहा कधी येतो याकडे होतं. तिला सांगण्यात आलं, की तुम्ही मागच्या बाकावर बसा, मुलांना गप्प ठेवा, तुमचा पाठ शेवटी घेऊ.

नळावरचा माणूस पहिला आत आला. फळ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "सगळ्यांनी डावी मूठ आवळा. हा तुमचा डोंगर. आता पेन काढा." मुलांनी तिच्याकडे बघितलं. तिनं मानेनं हो म्हटलं. "बोटांच्या उंचवट्यांना शिखरं समजा. शिखराभोवती एक कडं काढा. त्याच्या खाली दुसरं. त्याच्या खाली तिसरं. एका कड्यावर उंची सगळीकडे सारखी राहिली पाहिजे, चढायचं नाही, उतरायचं नाही." सगळा वर्ग आपल्याच मुठीवर वाकून शाईनं कडी काढायला लागला. मग तो म्हणाला, "आता मूठ सोडा. हात सपाट करा."

वर्गात मग जो गलका झाला तो तिनं आवरला नाही. डोंगर सपाट झाला होता आणि हातावर नकाशा उरला होता. जिथे चढ खडा तिथे रेषा जवळ, जिथे उतार निवांत तिथे लांब; हे कोणाला सांगावं लागलं नाही, मुलंच एकमेकांना सांगत होती. पहिल्या रांगेतला एक मुलगा मूठ मिटत होता, उघडत होता. डोंगर, नकाशा. डोंगर, नकाशा.

तिनं हाच धडा दर वर्षी शिकवला होता. फळ्यावर सुरेख डोंगर काढून. मुलं तो वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत तसाच काढायची आणि पैकीच्या पैकी मिळवायची. आपला डोंगर मुलांनी फक्त बघितला होता, त्यांना तो कळला नव्हता, हे तिला मागच्या बाकावर बसल्या बसल्या समजलं. मत्सर म्हणावा तर तो नव्हता, आणि नव्हता असंही नाही.

नंतर एक-दोन उमेदवार येऊन गेले. मग भाची आली. अंगापिंडानं किरकोळ मुलगी, नवे कपडे, हातात पुस्तक. तिनं व्याख्या वाचली, दुसऱ्यांदा वाचली आणि फळ्यावर रेघ काढताना खडू मोडला. तो उचलायला ती वाकली तेव्हा तिचे कान लाल झालेले मागच्या बाकावरूनही दिसत होते. अध्यक्ष म्हणाले, "छान, छान. मुद्देसूद."

शेवटी नकाशेबाई उठली. तोवर मुलं एकाच धड्यानं कंटाळून गेली होती. तिनं फळ्यावर डोंगर काढला, नेहमीसारखा, एका दमात. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात देखणा डोंगर असेल. आणि मागून तिचीच एक लाडकी विद्यार्थिनी अगदी निरागसपणे म्हणाली, "बाई, तुम्ही पण मुठीवर दाखवा ना."

विषयतज्ज्ञ हसले. तीही हसली. दुसरं करणार काय?

दुपारी निकाल सांगितला नाही, कळवू म्हणाले. पण अध्यक्षांच्या गाडीत भाची पुढे बसली आणि मोठ्या बाई त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेल्या, एवढ्यावर ज्याला समजायचं त्याला समजलं. नळावरचा माणूस फाटकाबाहेर पिशवी खांद्याला लावून थांबला होता. ती बाहेर पडली तसा पुढे आला.

"तुम्ही इथल्याच आहात. मला खरं सांगाल? आधीच ठरलं होतं का?"

तिला नाही म्हणता आलं असतं. "हो," ती म्हणाली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल."

"म्हणजे सकाळी नळावर आपण बोललो तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

त्याचा आवाज चढला नव्हता, हेच अवघड होतं. ती म्हणाली, "जागा तुम्हाला मिळायला हवी होती. मी इतकी वर्षं तो धडा शिकवतेय. मला नाही असं सुचलं."

"तुम्ही इथे किती वर्षं आहात?"

तिनं सांगितलं.

"मग तुम्हाला मिळायला हवी होती," तो म्हणाला.

अशी दोघं रस्त्याच्या कडेला उभी राहून एकमेकांना ती जागा देत होती, जी दोघांपैकी कोणाचीच नव्हती. त्याच्या गाडीची वेळ झाली. कधी लागलाच तर असू द्या म्हणून तिनं त्याचा फोन नंबर घेतला. तो आपण का मागितला हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली तशी भाची रुजू झाली. शिक्षकखोलीत तिच्या पाठीमागे तिचं नाव वशिल्याचं तट्टू पडलं. तोंडावर सगळे गोड बोलायचे. नकाशेबाईनं कपाट रिकामं केलं, किल्ली तिच्या हातात दिली आणि वरच्या खणाचं सांगितलं. भाची उद्धट असती तर सोपं झालं असतं. ती उद्धट नव्हती. एकदा जिन्यात गाठून म्हणाली, "ताई, ही जागा तुमची होती हे मला कळतं. मी घरी नको म्हटलं होतं. मामा म्हणाले, लग्न ठरेपर्यंत तरी कर." आणि मग खालच्या आवाजात, "तो रेषांचा धडा माझ्या वर्गावर तुम्ही घ्याल का? मला मुलांची भीती वाटते."

तिनं तो धडा घेतला. मुठी आवळायला लावून घेतला. मुलांनी तसाच गलका केला आणि भाची दाराशी उभी राहून टाळ्या वाजवत होती. मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, "तुम्ही अशाच राहा तात्पुरत्या. हिला जरा हाताखाली घ्या. पुढे-मागे बघू." त्या वर्षाची नेमणूक संपली आणि शाळा पुन्हा उघडली तेव्हा नकाशेबाई गेली नाही. कोणी बोलवायलाही आलं नाही. कोणाच्या तरी रजेवर दुसरं कोणी मिळालं असणार.

घरी बसून ती शिकवण्या घेऊ लागली. अर्ज करत राहिली. एका शाळेत मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी अगदी अदबीनं विचारलं, "कोणाच्या ओळखीतून आलात?" ती म्हणाली, "कोणाच्याच नाही." "असं का," म्हणत त्यांनी तिची फाईल मिटली, आणि बाहेर ऊन आहे, पाणी पिऊन जा, असं आपुलकीनं सांगितलं.

सासूबाईंनी तो विषय काढला तो त्याच आठवड्यात. नणंदेचे सासरे एका शाळेच्या संस्थेवर होते, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. आजवर कोणी उच्चारलं नव्हतं इतकंच. सासूबाई म्हणाल्या, "मी नुसता शब्द टाकते. आपली माणसं कशाला असतात मग?" तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो चष्म्याची एक दांडी दुरुस्त करत होता. "तू म्हणशील तसं," तो म्हणाला. त्यानं एकदा तरी नको म्हणावं असं तिला वाटत होतं. पण तो नको म्हणाला असता तर तिला त्याचाही राग आला असता. शेवटी तीच म्हणाली, "टाका शब्द."

नणंदेच्या सासऱ्यांनी गॅलरीतल्या झाडांना पाणी घालता घालता फोन लावला. "अहो, आमच्या सुनेची वहिनी आहे. घरातलीच समजा." तिच्याकडे वळून विचारलं, "विषय कोणता तुझा? हां, भूगोल. भूगोल आहे म्हणतेय." फोन ठेवला आणि झारी पुन्हा भरून घेतली.

मुलाखतीच्या दिवशी व्हरांड्यात आणखी पाच-सहा जण बसले होते. एक तरुण मुलगी ओठ हलवत टिपणं पाठ करत होती. मध्येच तिनं विचारलं, "ताई, हे पाठ घ्यायला लावतात का हो?" नकाशेबाई म्हणाली, "माहीत नाही." ते खरंच होतं. आत तिला पाठ घ्यायला लावला नाही. नणंदेच्या सासऱ्यांच्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे, एवढं विचारलं. तिनं सूज उतरल्याचं सांगितलं. बाहेर आली तेव्हा ती मुलगी उठून उभी होती, आपला नंबर आला म्हणून ओढणी नीट करत होती. नकाशेबाईनं तिच्याकडे न बघता जिना गाठला.

ती कायम झाली. सासूबाईंनी जिन्यात थांबून थांबून सांगितलं. नवऱ्यानं तिला बिनवाटणीचं एक अख्खं कपाट रंगवून दिलं, घरातलंच, वह्यांसाठी. नव्या शाळेत ती मन लावून शिकवायची. तिच्या शिकवण्यात कोणी कधी खोट काढली नाही.

पुढच्या वर्षी तिथे भूगोलाची दुसरी जागा निघाली. मुख्याध्यापकांनी जाता जाता विचारलं, "तुमच्या ओळखीत कोणी आहे का चांगलं?" आणि तिला कळलं, की आपण आता ओळख झालो आहोत. तिनं संध्याकाळी नळावरच्या माणसाला फोन लावला. तो एका मालवाहतूक कंपनीच्या गोदामात लागला होता, खोकी कोणत्या गाडीत जातील ते बघायचं काम. तिनं आठवण करून दिली, जागेचं सांगितलं. पलीकडे कोणी तरी खोकी आपटत होतं.

"कोणाला भेटावं लागेल?" त्यानं विचारलं.

"मी बोलते इथे. तुम्ही फक्त त्या दिवशी या."

"पाठ घ्यावा लागेल का?"

"नाही लागणार बहुतेक."

"बरं झालं. सवय गेली."

तो आला आणि लागला. बाकीचे उमेदवार व्हरांड्यात बसून परत गेले. त्या दिवशी तिनं रजा टाकली होती. त्याचा वर्ग तिच्या वर्गाला लागूनच होता. मधल्या भिंतीतून त्याचा आवाज यायचा, संथ, एकसुरी. प्रश्न पहिला, उत्तर लिहा. प्रश्न दुसरा, उत्तर लिहा. त्याच्या वर्गाचे निकाल चांगले लागायचे. मुख्याध्यापक तिला म्हणाले, "माणूस बरा आणलात."

महिने गेले. डबा खायला दोघं एकाच टेबलाशी बसायची, आणि त्या जुन्या शाळेचं नाव कोणी काढत नसे. एकदा मात्र तिला राहवलं नाही. "तुम्ही आता नुसतं लिहून का देता मुलांना?"

तो रागावला नाही. घास गिळून म्हणाला, "तेव्हा फाटकापाशी तुम्ही खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं."

"का?"

"तुमचा पाठ कमी पडला असं म्हणाला असतात, तर घरी जाऊन आणखी तयारी केली असती. पुढच्या ठिकाणी आणखी चांगला घेतला असता. तुम्ही सांगितलंत, पाठाचा काही संबंधच नव्हता. मग मी गाडीत बसल्या बसल्या विचार केला, संबंधच नाही तर घ्यायचा कशाला?" त्यानं डबा मिटला. "तुमचा दोष नाही. तुम्ही खरं तेच सांगितलंत."

पुन्हा त्याच फाटकापाशी कोणी तेच विचारलं असतं तर तिनं तेच उत्तर दिलं असतं, एवढं तिला आतून ठाऊक होतं, आणि त्यातून तिला कसलाही धीर येत नव्हता. तो डबा धुवायला गेला. ती तिथेच बसून राहिली, दुपारच्या तासाच्या वह्या समोर ओढून, पहिलं पान न उलटता.